पिंग लागतंय, पण भुईकाट्याचं वजन ऑफिसात येत नाही

बेदाणा_बहाद्दर, सोमवार रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. कुपवाडजवळ एका कोल्ड स्टोरेजमध्ये हिशेब आणि कॉम्प्युटर दोन्ही बघतो. पगार हिशेबाचा मिळतो, शिव्या कॉम्प्युटरच्या.

आमची मांडणी अशी आहे. गेटवर भुईकाटा, त्याच्या केबिनमध्ये इंडिकेटर, इंडिकेटरच्या मागं नऊ पिनांचं सिरियल पोर्ट. ऑफिस तिथून दीडशे मीटरवर. एवढ्या लांब सिरियल केबल ओढता येत नाही म्हणून केबिनमध्ये सिरियलचं नेटवर्क करणारा डबा बसवलाय. ऑफिसातलं बिलिंग त्या डब्याच्या पत्त्यावर ४००१ नंबरच्या पोर्टला जोडून वजन उचलतं. तसाच दुसरा डबा आत चेंबरच्या दाराशी, प्लॅटफॉर्म काट्याला. मध्ये एक स्विच. सहा वर्षं बिनबोभाट चाललं.

शनिवारी ऑफिसातला पीसी मेला. नवा आणला. सॉफ्टवेअरवाल्यांचा पोरगा आला, दोन्ही डब्यांवरच्या स्टिकरचे फोटो काढले, पत्ते घातले (गेटच्या डब्याचा शेवटचा आकडा वीस, आतल्याचा एकोणीस), चहा घेतला, गेला. तेव्हापासून वजन नाही.

गेटच्या डब्याला पिंग, म्हणजे 'आहेस का' अशी हाक, लागतंय, एक पॅकेट हुकत नाही, पण सॉफ्टवेअर म्हणतं कनेक्शन नाकारलं. आतल्या डब्याचं उलटंच, पिंगसुद्धा लागत नाही, होस्ट सापडला नाही म्हणतं. दोन्ही डब्यांचे दिवे हिरवे. बेदाण्याच्या गाड्या गेटबाहेर उभ्या आहेत आणि आमचा वॉचमन वजनाच्या चिठ्ठ्या घेऊन सायकलवरून फेऱ्या मारतोय. काही सुचतंय का कुणाला?

भडंगप्रेमी, सोमवार रात्री ९:५२

नवा पीसी म्हणजे फायरवॉल. बंद करून बघा.

बेदाणा_बहाद्दर, सोमवार रात्री १०:०५

केली. अँटिव्हायरसही काढून बघितला. जैसे थे.

सिरियल_९६००, सोमवार रात्री १०:२०

फायरवॉल नसणार. ती बाहेरून येणाऱ्याला अडवते, आतून जाणाऱ्याच्या वाटेला सहसा जात नाही. आणि फायरवॉलनं अडवलं तर बहुतेक वेळा नुसती वाट बघत बसायला लागतं. इथं 'नाकारलं' असं उत्तर लगेच येतंय, म्हणजे पलीकडं कुणीतरी जिवंत आहे आणि ४००१ वर मी कुणाचं ऐकत नाही असं सांगतंय.

भावा, मला वाटतं पत्ता दोघांनी घेतलाय. गेटच्या डब्याचा करंट काढ आणि पिंग कर. डबा बंद असूनही पिंग लागलं तर त्या पत्त्यावर दुसराच कुणीतरी बसलाय.

बेदाणा_बहाद्दर, मंगळवार सकाळी ८:१५

सकाळी गाड्या यायच्या आत करून बघितलं. डब्याचा ॲडाप्टर काढून हातात घेऊन उभा राहिलो आणि ऑफिसातल्या पोराला फोनवर पिंग करायला लावलं. लागतंय! डबा माझ्या हातात आणि पिंग लागतंय. अंगावर काटा आला. भुईकाटा नव्हे.

सिरियल_९६००, मंगळवार सकाळी ८:३०

झालं की मग. डुप्लिकेट. अशा वेळी काय होतं ते थोडक्यात सांगतो, कारण हे दुखणं गावोगाव आहे. पीसीला डब्याशी बोलायचं असतं तेव्हा तो सगळ्या नेटवर्कवर ओरडतो, "हा पत्ता कुणाचा?" ज्याचा असेल तो आपला हार्डवेअर नंबर सांगतो, म्हणजे मॅक. १९८२ पासून हे असंच चाललंय, त्याला एआरपी म्हणतात. दोघांनी एकच पत्ता घेतला असेल तर दोघंही "माझा" म्हणतात आणि ज्याचं उत्तर पीसीनं धरलं त्याच्याकडं माल जातो. म्हणून कधी चालतं, कधी नाही.

राउटर आपोआप पत्ते वाटतो त्याची, म्हणजे डीएचसीपीची, रेंज बघ. डब्याचा पत्ता त्या रेंजच्या आत असेल तर राउटरनं तो कुणाच्या तरी मोबाईलला वाटून टाकला असणार. आणि काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टवर, एआरपीची यादी काढ, वीसच्या ओळीपुढचा मॅक आणि डब्याच्या बुडावर छापलेला मॅक जुळतो का बघ.

बेदाणा_बहाद्दर, मंगळवार सकाळी ९:१०

राउटरची रेंज १०० ते २००. डब्याचा पत्ता वीस, म्हणजे रेंजच्या बाहेर. एआरपीच्या यादीत मात्र गंमत आहे, वीसची ओळच नाही. पिंग आत्ताच केलंय, लागलंय, पण ओळ नाही.

आणखी एक. सहज म्हणून ब्राउझरमध्ये स्टिकरवरचा पत्ता टाकला, तर कॅमेऱ्याच्या डीव्हीआरचं, म्हणजे चित्रीकरण साठवणाऱ्या डब्याचं, लॉगिन पान उघडलं.

सिरियल_९६००, मंगळवार सकाळी ९:२२

सापडला चोर! कॅमेरेवाल्यानं डीव्हीआरला वीस नंबर देऊन ठेवलाय. त्याचा बदल.

बेदाणा_बहाद्दर, मंगळवार दुपारी १:४०

मालकांच्या केबिनमध्ये जाऊन डीव्हीआरचा मेनू बघितला. तिथं पत्ता सोळा आहे. वीस नाही. कॅमेरेवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "साहेब, बसवल्यापासून सोळाच आहे, आम्ही हात लावला नाही." मग वीस टाकल्यावर सोळा का उघडतंय? राउटरमध्ये काही वळवावळवी आहे का?

अण्णा_टर्मिनल, मंगळवार दुपारी २:१५

पोरांनो, वळवावळवी म्हणाल तर एकाच नेटवर्कमधल्या दोन यंत्रांमध्ये राउटर येतच नाही. स्विच परस्पर पोचवतो. त्यामुळं राउटरला दोष देऊ नका.

मी एका सहकारी बँकेच्या संगणक विभागातून निवृत्त झालो. सुरुवातीला आमच्याकडं एकच युनिक्सचं यंत्र, त्यात एकाच वेळी पुष्कळ सिरियल पोर्ट देणारं कार्ड आणि काउंटरवर डंब टर्मिनल, म्हणजे नुसता पडदा आणि कीबोर्ड. पत्ता नाही, नाव नाही, वायर जिथं जाते तोच पत्ता. मग टर्मिनल सर्व्हर आले आणि पत्त्यांचं प्रकरण सुरू झालं. सिस्कोच्या २५११ वर सोळा सिरियल लायनी. बाहेरून टेलनेटनं, म्हणजे दुसऱ्या यंत्राला नेटवर्कवरून जोडणाऱ्या प्रोग्रॅमनं, २००१ ला जोडलं की पहिली लाईन, २०१६ ला जोडलं की सोळावी. तुमच्या डब्याचं ४००१ हे त्याच पद्धतीचं आहे, पत्ता म्हणजे घर आणि पोर्ट म्हणजे खोली. तुमचा डीव्हीआर ४००१ नाकारतोय त्याचं नवल नाही, त्याच्याकडं ती खोलीच नाही. पण वीसचा सोळा कसा झाला हे मलाही कळेना.

कंदी_पेढा, मंगळवार रात्री ८:५०

दादा, एक काम करा. पिंग लागतंय असं आम्हाला सांगू नका. तुम्ही काय टाइप केलं आणि पडद्यावर काय आलं ते पहिल्या अक्षरापासून जसंच्या तसं इथं चिकटवा. दोन्ही डब्यांचं.

बेदाणा_बहाद्दर, मंगळवार रात्री ९:३०

घ्या ताई. गेटचा डबा, मी टाइप केलं ते:

पिंग १९२.१६८.००१.०२०

त्यावर आलं:

पिंगिंग १९२.१६८.१.१६ विथ ३२ बाइट्स ऑफ डेटा
रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१.१६ बाइट्स ३२, टीटीएल ६४

अशा चार ओळी. आतला डबा:

पिंग १९२.१६८.००१.०१९
पिंग रिक्वेस्ट कुड नॉट फाइंड होस्ट १९२.१६८.००१.०१९

अरे! हे टाइप करताना आत्ता बघतोय. मी वीस टाकलंय आणि त्यानं पहिल्याच ओळीत सोळा लिहिलंय. दोन दिवस मी फक्त "रिप्लाय" शब्द वाचत होतो.

कंदी_पेढा, मंगळवार रात्री ९:४१

तेच. शून्यं काढा. १९२.१६८.१.२० टाका आणि दुसऱ्यासाठी १९२.१६८.१.१९. डबे ठणठणीत आहेत, डीव्हीआर निर्दोष आहे.

आकड्याच्या पुढं शून्य असलं की पुष्कळ प्रोग्रॅम तो आकडा अष्टमान पद्धतीचा धरतात, म्हणजे दशकाऐवजी आठाच्या पटीत. ०२० म्हणजे दोन आठं सोळा. ००१ चा एकच राहतो म्हणून तिथं कुणाला संशय येत नाही. सी भाषेतली ही जुनी चाल आहे, बीएसडी युनिक्सच्या काळात पत्ता वाचणाऱ्या फंक्शनमध्ये शिरली आणि तिथून विंडोज, लिनक्स, ब्राउझर सगळीकडं गेली.

आता ०१९. अष्टमानात नऊ हा अंकच नाही, शून्य ते सातच. मग पीसी म्हणतो, हा आकडा नव्हे, म्हणजे हे कुणाचं तरी नाव असणार. म्हणून तो त्या नावाचा होस्ट शोधायला गेला आणि हात हलवत परत आला. तुमच्याकडं दिसायला दोन वेगळे रोग होते, औषध एकच.

सिरियल_९६००, मंगळवार रात्री ९:४५

नाद खुळा ताई. आणि मी बिचाऱ्या डीव्हीआरला फासावर चढवत होतो. एआरपीत वीसची ओळ नव्हती तिथंच मला कळायला हवं होतं. पीसीनं वीसला कधी हाकच मारली नव्हती.

बेदाणा_बहाद्दर, बुधवार सकाळी ७:२०

लागलं!!! टेलनेटनं १९२.१६८.१.२० आणि ४००१ ला जोडलं आणि काळ्या खिडकीत वजन धावायला लागलं. गेटवर रिकामा काटा होता, शून्य शून्य शून्य अशी रांग. मग वॉचमन मामा मुद्दाम काट्यावर जाऊन उभे राहिले. काटा दहा किलोच्या पायरीचा, पडद्यावर साठ आलं. मामा म्हणाले, साठ नाही, बासष्ट आहे, काटा माझे दोन किलो खातो. दोन्ही डब्यांचे पत्ते बिलिंगमध्ये दुरुस्त केले.

ज्यांना हे करून बघायचंय त्यांच्यासाठी: विंडोजमध्ये टेलनेट मुळात बंद असतं, विंडोज फीचर्समध्ये जाऊन चालू करावं लागतं. किंवा पुट्टी घ्या आणि 'रॉ' निवडा.

आता एक कोडं राहिलं. डब्याच्या स्वतःच्या पानावर मी ०२० टाकून बघितलं तर त्यानं वीसच धरला. तो का चुकला नाही?

कंदी_पेढा, बुधवार सकाळी ७:५५

कारण ज्यानं त्याचा प्रोग्रॅम लिहिला त्यानं साधी दशमान पद्धत धरली. घोळ हाच आहे की सगळ्यांचं एकमत नाही. २०२१ मध्ये यावरून सुरक्षेचा मोठा गोंधळ झाला होता. तपासणारा प्रोग्रॅम एक पत्ता समजायचा आणि जोडणारा दुसरा, म्हणजे पहाऱ्यातून एक माणूस आत सोडायचा आणि आत जायचा भलताच. त्यानंतर पायथन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेनं ३.९.५ पासून आपल्या पत्ते तपासणाऱ्या मॉड्यूलमध्ये पुढं शून्य असलेला पत्ता सरळ चूक म्हणून परत पाठवायला सुरुवात केली. मला तेच बरं वाटतं. अंदाज करण्यापेक्षा "नीट लिहा" म्हणावं.

अण्णा_टर्मिनल, बुधवार सकाळी १०:३०

आता कबुलीजबाब देतो. ही शून्यं लावायची सवय माझ्यासारख्यांनीच लावली. आमच्याकडं पत्त्यांचं जाड रजिस्टर होतं आणि मी हाताखालच्या पोरांना बजावायचो की प्रत्येक खान्यात तीन अंक हवेत. रकाने सरळ येतात, पुढं एक्सेल आल्यावर क्रमवारीही नीट लागायची. नुसतं लिहिलं तर एक्सेल दहा, शंभर, दोन अशा क्रमानं लावतं. त्यामुळं ०२० दिसायला शिस्तीचं वाटायचं. तुमच्या डब्यावर स्टिकर चिकटवणारा माझ्याच शाळेतला असणार. वाचलो एवढ्याचसाठी की आम्ही शाखांना पत्ते फोनवर सांगायचो आणि फोनवर "शून्य वीस" कुणी म्हणत नाही.

भडंगप्रेमी, बुधवार सकाळी १०:४०

अण्णा, स्टिकर तुमचं, फेऱ्या वॉचमन मामांच्या. मामांना भडंग तुमच्याकडून.

बेदाणा_बहाद्दर, बुधवार दुपारी १२:१०

अण्णा, मनाला लावून घेऊ नका. स्टिकरचं अक्षर मात्र सुरेख आहे, पुसवत नाही.

पुढचा प्रश्न. पीसी पुन्हा मरणार, पोरगा पुन्हा येणार, आकडे पुन्हा घालणार. आकड्यांऐवजी नाव घालता येईल का? डब्याच्या पानावर 'सर्व्हर नेम' म्हणून खाना आहे. तिथं मी भुईकाटा लिहिलं, सेव्ह केलं, आणि ऑफिसातून त्या नावाला पिंग केलं. सापडत नाही म्हणतं.

कंदी_पेढा, बुधवार दुपारी १:००

इथं बहुतेक सगळे एकदा तरी फसतात. डब्यात लिहिलेलं नाव ही डब्याची स्वतःपुरती पाटी. सुटकेसला आपण नावाची चिठ्ठी लावतो तसं, त्यानं गल्लीतल्या पोस्टमनला काही कळत नाही. पीसी नाव विचारायला दुसरीकडं जातो. आधी स्वतःच्या होस्ट्स फाइलमध्ये, मग डीएनएस सर्व्हरकडं, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या यंत्राकडं. त्या दोन्हींपैकी एका ठिकाणी "हे नाव म्हणजे हा पत्ता" असं तुम्ही लिहायला हवं. डब्यातही तेच नाव ठेवा म्हणजे त्याचं पान उघडल्यावर आपण कुणाच्या घरात आहोत ते दिसतं, पण त्यावर विसंबू नका.

तुमच्याकडं काटा वाचणारा पीसी एकच, त्यामुळं होस्ट्स फाइल पुरे. विंडोजच्या फोल्डरमध्ये सिस्टिम३२, त्यात ड्रायव्हर्स, त्यात ईटीसी. नोटपॅड उजव्या बटणानं ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा, नाहीतर सेव्ह होणार नाही. आधी पत्ता, मग जागा सोडून नाव. पत्त्यात शून्यं लावू नका हे आता सांगायला नको!

चार-पाच पीसी झाले की मात्र हे सोडा. एका ठिकाणी बदलायचं आणि चार ठिकाणी विसरायचं असं होतं. मग राउटरमध्ये किंवा लहानशा डीएनएस सर्व्हरवर नाव ठेवा. सुरुवातीला सगळ्या जगाच्या नेटवर्कची मिळून अशी एकच होस्ट्स फाइल होती, कॅलिफोर्नियातल्या एका केंद्रात ठेवलेली, बाकीचे सगळे तिची नक्कल उतरवून घ्यायचे. ते आवरेना म्हणून १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस मांडलं.

कृष्णाकाठ, बुधवार दुपारी ३:३०

नाव मराठीत देता येईल का? वेबसाइटचे पत्ते देवनागरीत चालतात की, २०१४ पासून डॉट भारत आहे.

कंदी_पेढा, बुधवार दुपारी ३:५०

चालतात, पण आतून त्यांचं रोमन रूपांतर होतं. एक्स, एन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारी अगम्य अक्षरं असतात ती. ब्राउझर ते काम करतो म्हणून आपल्याला दिसत नाही. असल्या डब्यांना आणि जुन्या बिलिंग सॉफ्टवेअरला ते जमत नाही. डब्याच्या खान्यात बहाद्दर दादांनी भुईकाटा लिहिलंय ते रोमनमध्येच असणार.

नियम साधा आहे. ए ते झेड, शून्य ते नऊ आणि मध्ये आडवी रेघ. जागा सोडायची नाही. अंडरस्कोर नको, काही ठिकाणी खपून जातो आणि ऐन वेळी दगा देतो. नावाचा एक तुकडा जास्तीत जास्त ६३ अक्षरांचा. पूर्वी सुरुवात अक्षरानंच व्हावी लागायची, १९८९ पासून अंकही चालतो, तरी मी अक्षरच ठेवते. कारण नुकतंच आपण बघितलं की आकडा आणि नाव यांत कॉम्प्युटरची किती सहज गफलत होते.

कृष्णाकाठ, बुधवार संध्याकाळी ६:१५

मग नावावरून आमची गोष्ट ऐका. गावभागात आमची पेढी आहे. तळमजल्यावरच्या काट्याच्या डब्याला आमच्या माणसानं 'खालचा-काटा' नाव दिलं होतं आणि माडीवरच्याला 'वरचा-काटा'. २०१९ च्या ऑगस्टात पाणी यायला लागलं तसं हाताला लागेल ते उचलून माडीवर नेलं. पाणी ओसरल्यावर चिखल काढून पुन्हा बसवताना खालचा डबा वर राहिला आणि वरचा खाली आला. दोन्ही चालू होते, नावं कुणी बदलली नाहीत. पुढं किती तरी महिने 'खालचा-काटा' माडीवर. नवा माणूस कामावर आला की पहिल्या दिवशी त्याला हे सांगायचं, हा आमच्याकडचा शिरस्ता होता. एकदा एक जण हळदीची पोती घेऊन जिना चढला तेव्हा कुठं नावं दुरुस्त केली.

सिरियल_९६००, बुधवार संध्याकाळी ६:४०

म्हणून मी जागेवरून नाव देतच नाही. डब्याला नंबर द्यायचा, डबा-१, डबा-२, आणि कुठं आहे ते वहीत लिहायचं.

कंदी_पेढा, बुधवार रात्री ८:०५

माझं मत उलट. डबा-२ म्हणजे कुठला हे रात्री अकराला फोनवर कुणाला सांगणार? डबा ज्याला जोडलाय त्या यंत्राचं नाव द्यावं. गेट-काटा म्हणजे गेटवरचा काटा. उद्या डबा जळला आणि नवा बसवला तरी काटा तोच, नाव तेच. कृष्णाकाठांच्या घरी नाव डब्याला चिकटलं, काट्याला चिकटायला हवं होतं.

अण्णा_टर्मिनल, बुधवार रात्री ८:४०

ताईंशी सहमत. पुण्याला प्रशिक्षणाला गेलो असताना डिजिटल कंपनीचे डेकसर्व्हर नावाचे टर्मिनल सर्व्हर बघितले होते. त्यांचा लॅट नावाचा प्रोटोकॉल होता, त्यात तर वापरणाऱ्यानं आकड्याचा पत्ता कधी बघायचाच नाही. मोठी यंत्रं आपापल्या सेवांची नावं थोड्या थोड्या वेळानं नेटवर्कवर पुकारत राहायची आणि टर्मिनल सर्व्हर ती ऐकून यादी करायचा. टर्मिनलवर 'लोकल' असं लिहून यायचं, आपण 'कनेक्ट' आणि सेवेचं नाव टाकायचं, बस. यंत्र कुठलं याच्याशी देणंघेणं नाही. दोष एकच, राउटर ओलांडून ते जात नसे. इमारतीत राजा, इमारतीबाहेर कुणी नाही.

नावाबद्दल एक अनुभव सांगतो. एका शाखेत टर्मिनलवर लॉगिन यायला चांगला अर्धा मिनिट लागायचा. एकदा आत गेलं की सगळं झपाझप. लाईन तपासली, मोडेम बदलला, काही फरक नाही. शेवटी कळलं की मुख्य यंत्र प्रत्येक येणाऱ्याला विचारत होतं, "या पत्त्याचं नाव काय?" आणि ज्या सर्व्हरला विचारत होतं तो कधीच बंद केलेला. उत्तराची वाट बघून कंटाळलं की मग आत घ्यायचं. आम्ही नावावरून पत्ता सापडेल एवढं बघितलं होतं, पत्त्यावरून नाव सापडेल हे कुणी बघितलंच नव्हतं. त्या यंत्राच्या होस्ट्स फाइलमध्ये शाखेच्या टर्मिनल सर्व्हरची एक ओळ घातली आणि अर्धा मिनिट गेला. कॅशियर मात्र नाराज झाला, तेवढ्यात त्याचा चहा व्हायचा.

बेदाणा_बहाद्दर, गुरुवार सकाळी ११:२५

होस्ट्समध्ये दोन ओळी घातल्या, गेट-काटा आणि चेंबर-काटा. पहिल्यांदा चालेना. नोटपॅडनं फाइलच्या शेपटीला गुपचूप डॉट टीएक्सटी लावलं होतं. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडलं, मग झालं. बिलिंगमध्येही आता नावंच आहेत.

पण काल संध्याकाळी लाईट गेली, पीसी धाडकन बंद पडला. लाईट आल्यावर पुन्हा कनेक्शन नाकारलं! या वेळी पिंगची पहिली ओळ नीट वाचली, वीसच आहे. डब्याचा ॲडाप्टर काढून लावला तर चालू झालं. हे काय आता?

सिरियल_९६००, गुरुवार सकाळी ११:५०

केबिनला इन्व्हर्टर आहे का? म्हणजे पीसी मेला पण डबा जागा राहिला?

बेदाणा_बहाद्दर, गुरुवार सकाळी ११:५२

हो. केबिनला इन्व्हर्टर, ऑफिसच्या यूपीएसची बॅटरी गेलेली.

सिरियल_९६००, गुरुवार दुपारी १२:०५

मग या वेळी माझं निदान बरोबर आहे, पैज लावतो. सिरियल पोर्ट एक, म्हणून डबा एका वेळी एकालाच आत घेतो. पीसी निरोप न घेता मेला, डब्याला वाटतंय तो अजून लाईनवर आहे. नवा आला की सांगतो, जागा भरलेली आहे. डब्याच्या पानावर टीसीपी अलाइव्ह चेक किंवा कीपअलाइव्ह अशा नावाचा खाना असेल, तिथं एक मिनिट ठेव. पलीकडचा जिवंत आहे का हे तो मधून मधून विचारेल, उत्तर नाही आलं तर जागा मोकळी करेल. आणि यूपीएसची बॅटरी आण, मालकांना सांग सिरियलवाल्यानं सांगितलंय.

पत्त्याबद्दल दोन गोष्टी राहिल्यात त्याही सांगून टाकतो. डबे डीएचसीपीवर टाकू नको, आत्ता आहेत तसे हातानं दिलेले आणि राउटरच्या रेंजबाहेरचे राहू देत. आमच्याकडं इंटरनेटवाल्यानं न विचारता राउटर बदलला, नव्या राउटरची सिरीजच वेगळी निघाली आणि राखून ठेवलेले पत्ते जुन्या राउटरबरोबर भंगारात गेले. दुसरं, कधी डबा रिसेट करायची वेळ आली तर तो कारखान्यातल्या मूळ पत्त्यावर जातो. मोक्सा कंपनीच्या एनपोर्ट डब्याचा १९२.१६८.१२७.२५४ असतो. तुझा पीसी एकच्या सिरीजमध्ये आणि डबा एकशे सत्तावीसच्या, दोघं एकमेकांना दिसणार नाहीत आणि तुला वाटेल डबा मेला. लॅपटॉपला तात्पुरता १२७ च्या सिरीजमधला पत्ता दे, सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०, मग त्याचं पान उघडेल.

बेदाणा_बहाद्दर, गुरुवार दुपारी ४:३०

पैज जिंकलास भावा. अलाइव्ह चेक सात मिनिटांवर होता, एकवर आणला. मुद्दाम पीसीचा प्लग ओढला, चालू केला, तोवर जागा मोकळी झालेली. बॅटरीचं मालक "बघू" म्हणालेत.

डब्यांवर नवी स्टिकरं लावली. वर मोठ्या अक्षरात नाव, खाली पत्ता बिनशून्याचा, त्याखाली मॅक. जुनी स्टिकरं काढली नाहीत, अण्णांसाठी ठेवलीत, फक्त शून्यांवर लाल पेनानं काट मारलीय.

भडंगप्रेमी, गुरुवार दुपारी ४:४५

आमच्या पतसंस्थेत पासबुक प्रिंटर असाच डब्यावर आहे. कधी कधी अर्धीच ओळ छापतो. हा पत्त्याचाच घोळ का?

कंदी_पेढा, गुरुवार दुपारी ५:१०

नाही, पत्ता चुकला तर काहीच छापणार नाही. अर्धी ओळ म्हणजे बहुधा प्रिंटर "थांब" म्हणतोय आणि डबा थांबत नाही, फ्लो कंट्रोल बघायला लागेल. वेगळा धागा काढा, केबलच्या कुठल्या पिना जोडल्यात ते लिहा. आणि पडद्यावर जे येतं ते जसंच्या तसं.

बेदाणा_बहाद्दर, गुरुवार दुपारी ५:१४

मी येतो तिकडं. आत्ता तासगावची गाडी काट्यावर चढतीय, वॉचमन मामा सायकलला कुलूप लावून खुर्चीत बसलेत.